नियतकालिकांचा अभ्यास कसा करावा?
(एका वस्तीतील वाचनालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालयाच्या वार्षिक सभेत ग्रंथांचा महिमा गाण्याची रीत आहे. ती रीत मी आज थोडी मोडणार आहे. ग्रंथांचे महत्त्व आपणांस नव्याने पटवून द्यावे लागत नाही. ग्रंथ नीट ठेवता यावेत म्हणून ज्या महापुरुषाने दादरला ‘राजगृह’ बांधले, त्याचे आपण अनुयायी आहोत. परंतु ग्रंथांच्या कपाटाच्या तळाशी, बहुधा सुतळीने बांधलेले व धुळीने माखलेले जे गठ्ठे पडलेले असतात, त्यांच्याकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. साप्ताहिके, पाक्षिके, मासिके, त्रैमासिके आणि विद्वानांच्या संस्थांनी चालविलेल्या पत्रिका यांचे ते गठ्ठे होत. ठरलेल्या काळाने प्रसिद्ध होतात म्हणून त्यांस नियतकालिके म्हणतात. त्यांचे वाचन कसे करावे आणि त्यांत हवी ती गोष्ट कशी शोधावी, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय मला कसा सुचला, ते प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सभेत मी बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य मोठ्या आवेशाने उच्चारले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सभा आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, “वाक्य चांगले आहे. पण बाबासाहेब हे कोणत्या अंकात म्हणाले?” मी म्हटले, “एका पुस्तकात वाचले आहे.” ते म्हणाले, “पुस्तकवाल्याने ते कोठून घेतले, हे त्याने लिहिले असेल ना?” घरी येऊन मी पुस्तक उघडले. त्यात काहीच लिहिलेले नव्हते. दुसऱ्या पुस्तकात तेच वाक्य आढळले. त्याने ते पहिल्या पुस्तकातून उचललेले होते. दोन महिने मी सुटीच्या दिवशी ग्रंथालयात बसलो. छापील भाषणे चाळली, जुने अंक चाळले. ते वाक्य मला कोठेही मिळाले नाही. पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि ते वाक्य मागे घेतले. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत. परंतु सार्वजनिक जीवनात मी जे थोडेफार शिकलो आहे, त्यातील महत्त्वाचा धडा मला त्या दोन महिन्यांत मिळाला.

आपण म्हणाल, एका वाक्याचे एवढे काय? वाक्य चांगले असले म्हणजे झाले. नाही, बंधूंनो, तेवढ्याने होत नाही. आपण जेव्हा हक्काची भाषा बोलतो, तेव्हा आपला प्रत्येक शब्द तपासला जातो. दहा विधाने खरी असली आणि अकरावे निराधार निघाले, तर समोरचा मनुष्य त्या एकावर बोट ठेवून बाकीच्या दहांचीही वासलात लावतो. उलट बाजूनेही तसेच आहे. आपल्या विरुद्ध, आपल्या पुढाऱ्यांविरुद्ध, तथागतांविरुद्धसुद्धा कोणी काही लिहिले, तर त्याला उत्तर देण्यासाठी मूळ लेख हाती असावा लागतो. आज मोबाईलवर दररोज कोणाचे ना कोणाचे वचन येऊन पडते. खाली थोर पुरुषाचे नाव असते. वर्ष नसते, अंक नसतो, पान नसते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून, सांगणारा थोर आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांस केला. तो उपदेश मान्य करणाऱ्याने आलेले वचन न तपासता पुढे पाठवावे काय?

आता नियतकालिकांचे प्रकार पाहू. सोयीसाठी मी त्यांचे तीन वर्ग करतो. पहिला वर्ग वृत्तपत्रांचा व चळवळीच्या पत्रांचा. घडलेली गोष्ट लोकांस कळवावी आणि त्यांचे मत जागे करावे, हा त्यांचा हेतू. दुसरा वर्ग लोकप्रिय साप्ताहिकांचा व मासिकांचा. सर्वसामान्य वाचकाला थोडे ज्ञान व थोडे रंजन द्यावे, हा त्यांचा हेतू. तिसरा वर्ग विद्वत्पत्रिकांचा. एखाद्या शास्त्रात जो नवा शोध लागला, जे नवे मत मांडले गेले, ते त्या शास्त्राच्या अभ्यासकांपुढे पुराव्यासह ठेवावे, हा त्यांचा हेतू. या तिसऱ्या वर्गाचा आरंभ युरोपात १६६५ साली झाला. त्या वर्षी पॅरिसमध्ये व लंडनमध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, अशा दोन पत्रिका निघाल्या. मराठीत पहिले पत्र बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’. ते ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले.

या वर्गांतील भेद समजण्यास आपणांस परदेशी जाण्याचे कारण नाही. बाबासाहेबांचे स्वतःचे लेखनच पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, १९२८ साली ‘समता’, १९३० साली ‘जनता’ अशी पत्रे निघाली. ‘जनता’चेच ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ असे नामांतर झाले. ही सारी पहिल्या वर्गातील पत्रे होत. परंतु ‘मूकनायक’ निघण्यापूर्वीच त्यांचे नाव विद्वत्पत्रिकांत आलेले होते. ‘भारतातील जाती’ या विषयावरील त्यांचा निबंध न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात, ९ मे १९१६ रोजी वाचला गेला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या पत्रिकेत छापून आला. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरील त्यांचा लेख इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या पत्रिकेच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाला. त्याच खंडात बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे त्यांनी केलेले परीक्षणही आहे.

एकच लेखक, परंतु दोन ठिकाणचे लेखन निरनिराळे आहे. ‘मूकनायका’त तो आपल्या माणसांशी बोलतो. विद्वत्पत्रिकेत तो परक्या पंडितांच्या सभेत उभा राहून पूर्वीच्या लेखकांची मते एकेक करून मांडतो, तपासतो आणि मग आपले मत सांगतो. यांपैकी एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ असे समजू नका. जातीची उत्पत्ती कशी झाली, याचा शास्त्रीय विचार हवा असेल तर विद्वत्पत्रिकेकडे जावे. महाडला काय घडले, लोकांच्या मनात काय होते, हे हवे असेल तर ‘बहिष्कृत भारता’कडे जावे. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, आणि पत्राचा पहिला अंक त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी निघालेला. घटनेच्या इतक्या जवळचा लेखी पुरावा म्हणजे मूळ साधन होय. त्यावर पन्नास वर्षांनी एखाद्या प्राध्यापकाने लिहिलेला लेख, तो कितीही विद्वत्तापूर्ण असो, दुय्यम साधन होय. अभ्यासकाला दोन्ही लागतात. मात्र कोणते कोणते आहे, हे त्याने विसरू नये. आणि आपल्या पत्राबरोबर विरोधी पत्रांतील वृत्तही वाचावे. दोन्ही पक्ष जे मान्य करतात ते बहुधा घडलेले असते. जेथे ते भांडतात तेथे तिसरा पुरावा शोधावा.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. ‘मूकनायका’वर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापलेले असे. बाबासाहेब तेव्हा सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते. यावरून असे दिसते की, मुखपृष्ठावरील नाव आणि लेखणी धरणारा हात हे नेहमी एकच असतील असे नाही. जुन्या पत्रांतील पुष्कळ मजकूर सहीवाचून छापलेला असतो. तो कोणाच्या नावावर मांडावयाचा, हे पुराव्याने ठरवावे, आवडीने ठरवू नये.

आता खंड आणि अंक यांचा हिशेब समजून घेऊ. बहुतेक पत्रिकांचे एका वर्षाचे अंक मिळून एक खंड होतो. मराठी पत्रांवर ‘वर्ष १ ले, अंक ५ वा’ असे असते, त्याचाही अर्थ तोच. विद्वत्पत्रिकांत पानांचे आकडे बहुधा वर्षभर सलग चालतात. जानेवारीचा अंक २० व्या पानावर संपला, तर फेब्रुवारीचा २१ व्या पानापासून सुरू होतो. म्हणून एखाद्या लेखाचा पत्ता लिहिताना लेखकाचे नाव, लेखाचे नाव, पत्रिकेचे नाव, खंड, अंक, महिना व वर्ष, आणि पान, एवढ्या गोष्टी लिहाव्या लागतात. हा नुसता पांडित्याचा थाट नव्हे. पत्रावर पिनकोड लिहितो तसाच हा व्यवहार आहे. आपल्यामागून येणारा मनुष्य त्याच पानावर पोचावा, एवढाच त्याचा उद्देश.

पत्ता चुकला तर काय होते, याचे उदाहरण याच निबंधात आहे. ‘भारतातील जाती’ हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’च्या ४१ व्या खंडात आहे, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. आता आपण साधे गणित करू. ही पत्रिका जेम्स बर्जेस यांनी १८७२ साली सुरू केली. १८७२ चा खंड पहिला. दर वर्षी एक खंड. मग १९१७ चा खंड कितवा? १९१७ मधून १८७२ वजा केले की ४५ उरतात, आणि पहिला खंड धरून ४६ होतात. म्हणजे निबंध ४६ व्या खंडात असावयास हवा, आणि तो तेथेच आहे. ४१ वा खंड १९१२ सालचा. त्या साली बाबासाहेब मुंबईत बी. ए. च्या परीक्षेची तयारी करीत होते. मग ही चूक कोठून आली? रोमन आकड्यांत ४६ हा आकडा एक्स, एल, व्ही, आय अशा चार अक्षरांनी लिहितात. त्यातील ‘व्ही’ गळला की उरतो तो ४१. छापताना वा लिहिताना एक अक्षर गळले असावे, आणि पुढे एकाने दुसऱ्याचे पाहून तेच उतरविले, असे मानण्यास जागा आहे. मूळ अंक उघडून पाहणाऱ्याला ही चूक एका क्षणात कळते. जो विद्यार्थी ग्रंथपालाकडे ४१ वा खंड मागतो, त्याला मात्र निबंध मिळत नाही आणि तो निराश होऊन परततो.

दुसरे उदाहरण भगिनींनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. २१ जानेवारी १९५० च्या ‘ईव्ज वीकली’ या स्त्रियांच्या इंग्रजी साप्ताहिकात एक लेख आला. भारतीय स्त्रीच्या अवनतीचे खापर त्यात बुद्धांच्या शिकवणीवर फोडलेले होते. ‘महाबोधी’ हे अनागारिक धर्मपाल यांनी १८९२ साली सुरू केलेले बौद्ध मासिक. त्याच्या मार्च १९५० च्या अंकात लामा गोविंद यांनी या आरोपास उत्तर दिले. बाबासाहेबांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. १९५१ साली त्याच ‘महाबोधी’त त्यांनी हिंदू स्त्रीच्या उत्कर्षाविषयी व अवनतीविषयी लेख लिहिला. त्यात त्यांनी काय केले? आरोप कोणत्या पत्रात, कोणत्या तारखेला आला, हे प्रथम सांगितले. उत्तर कोठे आले, हे सांगितले. आरोपाचा आधार असलेला महापरिनिब्बान सुत्तातील उतारा पुढे ठेवून तो मूळचा असू शकेल काय, हे अन्य वचनांशी ताडून पाहिले. नंतर मनुस्मृतीकडे वळून दोष कोणाचा, हे दाखविले. संतापाने लिहिणे त्यांना कठीण नव्हते. परंतु लोकप्रिय साप्ताहिकातील विधानाला त्यांनी अभ्यासाने उत्तर दिले, आणि वादाचा धागा एका अंकातून दुसऱ्या अंकात कसा जातो, ते वाचकाला स्पष्ट दाखविले.

विद्वत्पत्रिका ओळखावी कशी? तीत लेखकाचे नाव व त्याची संस्था दिलेली असते. लेखाच्या खाली वा शेवटी आधार दिलेले असतात. संपादक मंडळाची नावे असतात. आजच्या बहुतेक चांगल्या पत्रिकांत लेख छापण्यापूर्वी त्या विषयाच्या अन्य जाणकारांकडून तपासून घेतात. ‘साप्ताहिक’ या शब्दाने मात्र फसू नका. मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ नावाने साप्ताहिक आहे, परंतु त्यात भारदस्त संशोधनपर लेख येतात. नियतकालिकांवर आठ आकडी आयएसएसएन क्रमांक छापलेला असतो. तो केवळ त्या नियतकालिकाची ओळख होय. तो गुणवत्तेचा दाखला नव्हे. लेखकाकडून पैसे घेऊन कोणताही मजकूर न तपासता छापणारी पत्रेही आज निघाली आहेत, आणि त्यांवरही असा क्रमांक असू शकतो. आपल्या मुलाला वा मुलीला ‘अमुक रुपये भरा, आठवड्यात लेख छापू’ असे कोणी कळविले, तर घरच्या वडील माणसांनी ते पैसे देऊ नयेत. तपासणीस आठवडा पुरत नाही, आणि तपासणीवाचून छापलेल्या लेखाने मुलाच्या ज्ञानात भर पडत नाही.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. ग्रंथालयात जाण्यापूर्वी आपला प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहावा. नंतर त्या प्रश्नाचे शब्द त्या त्या काळाच्या भाषेत लिहावेत. आज आपण ‘बौद्ध’ म्हणतो, ‘दलित’ म्हणतो, ‘अनुसूचित जाती’ म्हणतो. १९२० च्या सुमारास ‘अस्पृश्य’, ‘बहिष्कृत’, ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असे शब्द चालत. आजचाच शब्द घेऊन जुन्या सूचीत शोधणाऱ्यास वाटते की, आपल्याविषयी कोणी काही लिहिलेच नाही. वस्तुतः लिहिलेले असते, पण दुसऱ्या नावाखाली. तो शब्द वाचताना मनाला टोचतो. तरी तो शोधावा लागतो.

पत्रांचीही नावे बदलतात. १९५५ च्या अंकासाठी ‘प्रबुद्ध भारत’ मागून उपयोग नाही, ‘जनता’ मागावे लागते. आताच सांगितलेले ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ १९६६ पूर्वी ‘इकॉनॉमिक वीकली’ या नावाने निघत असे. खंडाच्या अखेरच्या अंकाबरोबर बहुधा वर्षाची सूची असते, ती आधी पाहावी. शं. ग. दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची केली, तसेच १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूचीही त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमाने सिद्ध झाली. कोणत्या पत्राचा जन्म केव्हा झाला, हे तेथे पाहता येते. ‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली ग्रंथरूपाने छापले आहेत. त्यामुळे मूळ पाने पाहण्यास प्रत्येकाला जुन्या दप्तरखान्यात जावे लागत नाही. पुष्कळ जुन्या पत्रिकांची छायाचित्रे संगणकावरही मिळतात. परंतु तेथेही नुसता उतारा पाहून थांबू नये. ज्या पानावर पत्रिकेचे नाव, महिना व वर्ष आहे, ते पान उघडून पाहावे. आणि ग्रंथपालाला विचारण्यास संकोच करू नये. वाचनालयाच्या दाराबाहेर ज्यांच्या पूर्वजांना उभे केले गेले, त्यांच्या मुलांच्या मनात तो संकोच अजून घर करून असतो. तो काढून टाका. मदत करणे हे ग्रंथपालाचे कामच आहे.

शेवटी आपल्या घराविषयी बोलतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांच्या ट्रंकेत ‘जनता’चे वा ‘प्रबुद्ध भारता’चे अंक असतील. एका घरी मला एक जुने कात्रण मोठ्या आदराने दाखविण्यात आले. बाबासाहेबांचे छायाचित्र व भाषण कापून, चौकटीत बसवून, दररोज त्यास फुले वाहिली जात होती. परंतु कापताना पानाचा वरचा भाग फेकून दिलेला होता. पत्राचे नाव गेले, तारीख गेली. भाषण कोठे व केव्हा झाले, हे घरातील कोणास सांगता येईना. भक्तीने जपलेला तो कागद पुरावा म्हणून निरुपयोगी ठरला होता. म्हणून माझी विनंती आहे की, अंक कापू नका. त्यास डिंक वा चिकटपट्टी लावू नका. वृत्तपत्राचा कागद ऊन व उष्णता यांनी पिवळा पडतो आणि तुकडे होऊन गळतो. तो घडी न करता, सपाट, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवा. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, नाव व तारीख असलेल्या पानाचे सर्वांत आधी. एका वहीत पत्राचे नाव, वर्ष, अंक, तारीख व पाने यांची नोंद करा. नंतर जवळच्या ग्रंथालयाला कळवा की, आमच्याकडे हा अंक आहे. कोणाच्या तरी संशोधनात नेमका तोच एक अंक हरवलेला असू शकतो.

एवढे सगळे प्रत्येकाने केलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. सर्वांना ग्रंथालयात बसण्यास वेळ नसतो. परंतु त्या वृद्ध गृहस्थांनी मला जो प्रश्न विचारला, तो विचारण्यास पदवी लागत नाही. ज्या माउलीला अक्षर येत नाही, तीसुद्धा आपल्या शिकलेल्या मुलाला विचारू शकेल, “बाळ, हे कोठे छापले आहे? तू स्वतः पाहिलेस का?” ज्या घरात हा प्रश्न दररोज विचारला जाईल, त्या घरातील मुले दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबणार नाहीत. उद्या तीच मुले स्वतः लिहू लागतील. तेव्हा लेखाच्या तळाशी खंड, अंक व पान ही बिनचूक लिहावीत, म्हणजे त्यांच्यामागून येणाऱ्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागणार नाही.

जय भीम!